पेठेखालचे पाणी कोणीकडे वाहते, ते आधी मोजा

प्रति,
बेळगाव शहर व जिल्हा प्रशासनातील, तसेच भूजल आणि प्रदूषण नियंत्रणाचे काम पाहणारे सर्व संबंधित अधिकारी

विषय : पेठेतील जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेखालील भूजलाची दिशा, वेग आणि ऋतूंप्रमाणे होणारा बदल मोजल्याशिवाय तेथे तळघराच्या खोदाईस परवानगी न देण्याबाबत

महोदय,

आमच्या घराच्या परड्यात आजोबांच्या काळातला एक आड आहे. अडतीस फूट खोल, वरचा मातीतला भाग जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला. घरात नळ आला तरी आम्ही तो बुजवला नाही. राकसकोपच्या जलाशयाने तळ गाठला की मे-जूनमध्ये नळाचे पाणी लांबते, आणि मग गल्लीतील दहा-बारा घरे याच आडावर येतात. गेल्या मे महिन्यात पोहरा वर ओढला तेव्हा पाण्यावर रंगीत तवंग होता आणि रॉकेलसारखा उग्र वास येत होता. तेव्हापासून ते पाणी आम्ही झाडांनाही घातलेले नाही.

आडापासून चढाच्या बाजूला साधारण चाळीस मीटरवर ती जागा आहे. तिथे अनेक वर्षे पेट्रोल पंप होता, त्याला लागून गॅरेज आणि कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान होते. आज पत्रे ठोकून जागा बंद केली आहे आणि तिथे दोन मजली तळघरासह व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव आहे. गल्लीचे व जागेचे नाव मी या जाहीर पत्रात मुद्दाम लिहीत नाही. आपल्या कार्यालयांना ती जागा ठाऊक आहे, आणि मला येथे कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नसून एका मोजणीची मागणी करायची आहे.

मी छत्तीस वर्षे मोजणीचे काम केले. शेताच्या बांधापासून पाटाच्या पातळीपर्यंत जे मोजता येते ते मोजले. म्हणून या जागेबाबत एका सल्लागार संस्थेने तयार केलेला अहवाल जेव्हा आमच्या पंचमंडळाच्या हाती आला, तेव्हा मी सर्वांत आधी भूजलाच्या नकाशाचे पान उघडले. नकाशावर एक जाड निळा बाण होता. तो पश्चिमेकडे, म्हणजे चढाकडे, मुख्य रस्त्याच्या दिशेने जात होता. त्याखाली लिहिले होते की भूजलाचा प्रवाह वस्तीच्या विरुद्ध दिशेने असल्याने रहिवाशांच्या विहिरींना धोका संभवत नाही. हा बाण कसा काढला ते पाहिल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

मे महिन्यातल्या एकाच दिवशी, तीन भोकांमधील पाण्याची खोली जमिनीपासून मोजली होती. ज्या भोकात पाणी सर्वांत खोल, तिकडे पाणी वाहते असे मानून बाण काढला होता. भोकांच्या तोंडांची एकमेकांच्या तुलनेत उंची किती, हे कुठेही नोंदवलेले नव्हते. एक माणूस ओट्यावर उभा आहे आणि दुसरा अंगणात. त्यांच्यापैकी कोणाचे डोके वर आहे हे सांगायचे तर दोघांची उंची मोजून भागत नाही, ओटा किती उंच आहे तेही मोजावे लागते. विहिरींचेही तसेच आहे. पाणी वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे जाते, आणि पातळी म्हणजे काठाची उंची वजा पाण्याची खोली. शिवाय ती तिन्ही भोके कुंपणाच्या कडेने जवळपास एका ओळीत पाडलेली होती. उताराची दिशा ठरवायला तीन ठिकाणे लागतात हे खरे, पण ती त्रिकोणात असावी लागतात. एका ओळीतल्या तीन ठिकाणांवरून त्या ओळीच्या आडव्या बाजूला उतार किती आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मे महिन्यातच आम्ही स्वतः मोजले. पंचमंडळाची देवळाजवळची विहीर, आमचा आड आणि खालच्या गल्लीतील एका घराची विहीर, अशी तीन ठिकाणे निवडली. जागेच्या भोवती ती त्रिकोणात येतात. माझे जुने लेव्हल यंत्र तिपाईवर लावून एका पक्क्या खुणेवरून तिन्ही काठांची उंची आणली. मग पोलादी टेपच्या शेवटच्या मीटरला खडू घासून टेप आत सोडली. खडू जिथे भिजून गडद होतो ती रेघ म्हणजे पाण्याची पातळी. ती अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत नेमकी वाचता येते. आमच्या आडाचा काठ १००.०० मीटर धरला, तर पंचांच्या विहिरीचा काठ १०३.२० आणि खालच्या विहिरीचा ९७.६० भरला. पाण्याची खोली अनुक्रमे ७.१०, ९.४० आणि ६.१० मीटर होती. आता खोलीकडे पाहिले तर पंचांच्या विहिरीत पाणी सर्वांत खोल आहे, म्हणून अहवालाप्रमाणे पाणी तिकडे जाते. वजाबाकी केली की चित्र उलटते. पाण्याची पातळी पंचांच्या विहिरीत ९३.८०, आमच्या आडात ९२.९० आणि खालच्या विहिरीत ९१.५० आहे. म्हणजे पाणी देवळाकडून येते, त्या जागेखालून जाते, आमच्या परड्याखालून खालच्या गल्लीकडे उतरते आणि पुढे बळ्ळारी नाल्याच्या दिशेने जाते. अहवालातला बाण नेमका उलटा आहे.

तीन विहिरींची ही मोजणी म्हणजे शास्त्रीय अभ्यास झाला असे मी म्हणत नाही. पण ज्या अहवालावर एका वस्तीचे पाणी सुरक्षित ठरवले गेले, त्यात एवढीही मोजणी नाही, हे आपल्यासमोर ठेवणे माझे कर्तव्य आहे.

दिशेनंतरचा प्रश्न वेगाचा. अहवालात भूजल वर्षाला सुमारे वीस मीटर सरकते असे म्हटले आहे. तो आकडा कुठून आला हे शोधताना असे दिसले की जमिनीची सच्छिद्रता, म्हणजे तिच्यातील पोकळ्यांचे प्रमाण, २५ टक्के धरली आहे. ही सच्छिद्रता नदीकाठच्या वाळूला शोभते. बेळगाव वाळूवर वसलेले नाही. दख्खनच्या काळ्या कातळाच्या दक्षिण सीमेवर, जांभ्याचे आवरण असलेल्या पठारावर ते वसले आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूच्या नळकांड्यांवरील प्रयोगांतून जो नियम मांडला, तोच आजही जगभर वापरतात : थराची पाणी वाहू देण्याची क्षमता गुणिले पाण्याच्या पातळीचा उतार. पण पाण्याचा खरा वेग काढायचा तर या गुणाकाराला जोडलेल्या पोकळ्यांच्या प्रमाणाने भागावे लागते, कारण पाणी सगळ्या दगडातून जात नाही, फक्त पोकळ्यांतून आणि भेगांतून जाते. पोकळी जितकी कमी, तितके तेच पाणी अधिक वेगाने धावते.

पंचांच्या विहिरीपासून खालच्या विहिरीपर्यंत १६० मीटरमध्ये पातळी २.३० मीटर उतरते, म्हणजे उतार ०.०१४ झाला. थराची क्षमता उदाहरणादाखल दिवसाला १ मीटर धरू. २५ टक्के पोकळी धरली तर पाणी दिवसाला साडेपाच सेंटिमीटर, वर्षाला वीस मीटर सरकते. अहवालाचा आकडा हाच. पण देशाच्या भूजल अंदाजाच्या अधिकृत पद्धतीत कुजलेल्या वा सांधे पडलेल्या काळ्या कातळासाठी विशिष्ट उत्पादन, म्हणजे पाण्याचा निचरा होऊ देणाऱ्या पोकळ्यांचे प्रमाण, १ ते ३ टक्के आणि जांभ्यासाठी २ ते ३ टक्के धरतात. २ टक्के धरले की तेच पाणी दिवसाला ७० सेंटिमीटर जाते. जागेपासून नाला साधारण ३०० मीटरवर आहे. पहिल्या हिशेबाने पाणी तिथे पोहोचायला पंधरा वर्षे लागतील, दुसऱ्या हिशेबाने चौदा महिने. पंप बंद होऊन चौदा महिन्यांहून अधिक काळ लोटला आहे. पेट्रोलमधील घटक पाण्याइतक्या वेगाने जात नाहीत, ते मातीच्या कणांना चिकटतात, प्राणवायू असेल तिथे जिवाणू त्यांतला काही भाग खाऊन टाकतात, हे मला मान्य आहे. परंतु एका गृहीतकाने उत्तरात दहा-बारा पटींचा फरक पडत असेल तर ते गृहीतक प्रत्यक्ष चाचणीतून यायला हवे.

या मातीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळे प्रकरण तिच्यात आहे. आड उपसताना मी तरुणपणी अनेकदा दोराला धरून आत उतरलो आहे, आणि बांधकामाच्या खालचे सगळे थर मला डोळ्यांसमोर दिसतात. वर तीन-चार हात तांबडी माती. मग सुमारे अठरा फुटांपर्यंत जांभा, बोट जाईल एवढ्या नळ्यानळ्यांनी पोखरलेला. पावसाळ्यात त्या नळ्यांतून पाणी अक्षरशः पिचकारीसारखे येते. त्याखाली चार-पाच फूट पांढरट-गुलाबी चिकण माती, जिला भूवैज्ञानिक लिथोमार्ज म्हणतात. ही माती बोटाला लोण्यासारखी लागते आणि पाणी सहजी सोडत नाही. तिच्याखाली मुरूम आणि फुटका काळा दगड. त्याखाली अखंड कातळ, त्यात कुठे भेग, कुठे दोन लाव्हाथरांमधला तांबडा पट्टा. बोअरचे पाणी येते ते या खोल भेगांमधून.

म्हणजे जागेखाली एक पाणी नाही, निदान दोन-तीन पाणी आहेत. पावसाळ्यात जांभ्यातले, बारमाही मुरमातले, आणि खोल कातळातले. ही पाणी एकमेकांत किती मिसळतात हे मधली चिकण माती कुठे जाड आहे, कुठे पातळ आहे आणि कुठे आम्हीच तिला भोक पाडले आहे, यावर ठरते. आमचा आड स्वतःच त्या मातीला पडलेले एक भोक आहे, हे मला लपवायचे नाही. त्याहून वाईट स्थिती बोअरची आहे. आमच्याकडे बोअर मारताना वरची मऊ जमीन ढासळू नये म्हणून केसिंग पाइप घालतात, पण पाइप आणि जमीन यांच्यामधली फट सिमेंटने भरण्याची पद्धत नाही. त्या फटीतून वरचे पाणी थेट खालच्या कातळात उतरते. अहवालात तीस मीटरवरच्या बोअरचे पाणी स्वच्छ आढळले असे एक वाक्य आहे आणि त्यावरून खोल भूजल सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला आहे. एका बोअरला स्वच्छ भेग लागली असेल; शेजारच्या बोअरला कोणती भेग लागली आहे, हे त्या नमुन्यावरून कळत नाही.

शिवाय या जागेत दोन वेगळ्या स्वभावांचे द्रव सांडलेले असू शकतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते पाणपातळीवर तरंगते. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रांत वापरले जाणारे परक्लोरोइथिलीन पाण्याच्या दीडपटीहून जड असते. ते पाणी ओलांडून खाली बुडते, चिकण मातीच्या पृष्ठभागावर साचते आणि भूजल कोणत्याही दिशेने वाहत असो, त्या मातीच्या उताराने वेगळ्याच दिशेला घरंगळू शकते. अहवालातले सर्व नमुने पाण्याच्या वरच्या थरातून घेतलेले आहेत. बुडालेल्या वस्तूचा शोध पाण्याच्या पृष्ठभागावर घेतला, तर ती सापडणार कशी?

आता पावसाळ्याविषयी. आमच्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये आम्ही तीच तीन ठिकाणे पुन्हा मोजली. आमच्या आडातले पाणी ७.१० मीटरवरून २.३० मीटरवर आले होते, म्हणजे जवळजवळ पाच मीटर चढले होते. तिन्ही पातळ्या ९९.००, ९७.७० आणि ९६.१० भरल्या, उतार मे महिन्याच्या सव्वापट झाला होता, आणि पाणी आता मुरमातून नव्हे तर जांभ्याच्या नळ्यांतून वाहत होते. मे महिन्यातला वेग ऑगस्टला लावता येत नाही, हे एवढ्यावरूनही दिसावे.

आणखी एक गोष्ट त्या वेळी घडली, जी मला फार महत्त्वाची वाटते. आडातला तवंग नाहीसा झाला. वासही जवळजवळ गेला. गल्लीतल्या अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कोणी म्हणाले, पावसाने धुऊन नेले. तसे झालेले नाही. पाणपातळी उतरते तेव्हा तिच्यावर तरंगणारे पेट्रोल तिच्याबरोबर खाली उतरते आणि वाटेतल्या मातीला माखत जाते. पातळी चढली की हे माखलेले पेट्रोल पाण्याखाली मातीच्या कणांमध्ये अडकून राहते. विहिरीत तवंग दिसत नाही, पण त्यातील बेंझीनसारखे घटक पाण्यात विरघळत राहतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की तवंग परत येतो. म्हणून पावसाळ्यातल्या एका नमुन्यावरून जागा स्वच्छ झाल्याचा दाखला कोणी मागितला, तर तो देऊ नये.

विरघळलेल्या बेंझीनचे प्रमाण किती थोडे असले तरी घातक ठरते, त्याचा हिशेब असा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील बेंझीनची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे एका लिटरमध्ये साडेआठ ग्रॅमच्या वर. ते सगळे पाण्यात गेले तर साडेआठ लाख लिटर पाणी या मर्यादेला पोहोचते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते अठ्ठावीस हजार लिटर भरते. अशा तीस विहिरींना एक लिटर पेट्रोल पुरते. प्रत्यक्षात बरेचसे उडून जाते, काही जिवाणू खातात. पण जमिनीत गाडलेली जुनी टाकी झिरपू लागली तर गोष्ट एका लिटरवर थांबत नाही.

आता प्रस्तावित तळघराकडे येतो, कारण खरी घाई तिथे आहे. दोन मजली तळघर म्हणजे सात-आठ मीटरची खोदाई. ती जांभा ओलांडून चिकण मातीत, कदाचित तिच्या खालपर्यंत जाईल. जो थर आज दोन पाण्यांना काही प्रमाणात वेगळे ठेवतो तोच कापला जाईल. पावसाळ्यात दोन-अडीच मीटरवर पाणी असते, तेव्हा खड्डा कोरडा ठेवायला मोटारी रात्रंदिवस चालवाव्या लागतील, आणि इमारत झाल्यावरही तळघराच्या संपमधली मोटर कायम चालू राहील. इतका उपसा सुरू झाला की भूजलाचा उतारच बदलतो. आज जे खालच्या गल्लीकडे जाते ते खड्ड्याकडे वळेल, आणि शेजारच्या जागांखाली जे काही मुरले असेल तेही ओढले जाईल. उपसलेले पाणी कुठे जाणार, याचे उत्तर या शहरात सर्वांना ठाऊक आहे : गटारात, गटारातून नाल्यात आणि पुरात नाल्याबाहेर पडून शहापूर, वडगाव, अनगोळच्या भातशेतीत. बेळगावची बासमती ज्या शिवारात पिकते ते हे शिवार.

उपशाने दिशा कशी बदलते याचे एक उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावाचे आहे. तिथे नदीकाठच्या दोन सार्वजनिक विहिरींत औद्योगिक द्रावके सापडल्याने १९७९ साली त्या बंद केल्या. पुढे वाद असा उभा राहिला की नदीच्या पलीकडच्या जमिनीतले दूषित पाणी नदी ओलांडून अलीकडच्या विहिरींत येऊच कसे शकेल. १९८५-८६ च्या हिवाळ्यात सरकारी भूवैज्ञानिकांनी विहिरींवर दीर्घ उपसा चाचणी घेतली, तेव्हा दिसले की उपसा चालू असताना खुद्द नदीचे पाणी जमिनीत ओढले जाते आणि नदीपलीकडच्या भूजलावरही परिणाम होतो. आमच्या नाल्याच्या पलीकडे राहणारी मंडळी मला सांगतात की मध्ये नाला आहे, आम्हाला काय होणार. त्यांच्याकडे बोअर आहेत आणि त्या बोअरवर मोटारी आहेत. म्हणून त्यांनीही आमच्याबरोबर ही मागणी करावी असे माझे म्हणणे आहे.

शहराखालची जमीन निसर्गाने घडवली तशी उरलेली नाही, हेही मोजणीत धरले पाहिजे. गल्लीत ड्रेनेज लाइन टाकताना खंदक खणला, पाइपाखाली वाळू-खडी अंथरली आणि वरून माती ढकलली. तो खडीचा पट्टा जमिनीखालचा ओढा होऊन बसतो. ऑगस्टमध्ये पाऊस चार दिवस उघडला होता, तेव्हा खालच्या गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या एका कामासाठी रस्ता खोदला. मी स्वतः तिथे उभा होतो. दोन्ही बाजूंची तांबडी माती सुकत आली होती, आणि मधल्या खडीतून मनगटाएवढी पाण्याची धार सतत वाहत होती. खोदणाऱ्या मजुराने नाकाला रुमाल लावला आणि विचारले, इथे गॅरेज आहे काय? गॅरेज तिथून दीडशे मीटर दूर होते.

याच खंदकांतून नळाच्या लाइनी जातात. घरजोडणीच्या पॉलिइथिलीन पाइपांना कुठेही भोक नसले तरी पेट्रोलमधील बेंझीनसारखे घटक त्यांच्या भिंतीतून आरपार झिरपू शकतात. म्हणूनच पेट्रोल मुरलेल्या जमिनीतून साधे प्लास्टिकचे पाइप नेऊ नयेत असे पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात सांगितले जाते. आणि जिथे पाणी ठरावीक वेळी येते तिथे दाब नसताना गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे आम्ही आडाचे पाणी पीत नाही, नळाचे पितो, असे म्हणून कोणालाही निश्चिंत राहता येणार नाही.

या शहराचे भूजलाशी नाते जुने आहे. १९२४ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा हजारो लोकांच्या पाण्यासाठी विहीर खणली गेली; ती काँग्रेस विहीर आजही आहे. नव्वदच्या दशकातल्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या, हे माझ्या पिढीने पाहिले आहे. दुष्काळी वर्षात शहर पुन्हा त्याच विहिरींकडे वळेल.

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने प्रवाहात, विहिरीत वा जमिनीवर प्रदूषक सोडण्यास मनाई केलेली आहे. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषण करणाऱ्यानेच निवारणाचा खर्च सोसावा, असे ठरवले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यावी आणि ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हावी, अशी व्यवस्था आहे. आमची पहिली विनंती हीच की ही जागा त्या यादीत घ्यावी.

दुसरी विनंती मोजणीची, आणि तिच्याशिवाय पुढचे काहीही होऊ नये. जागेच्या चारही बाजूंना, त्रिकोण साधेल अशा रीतीने निरीक्षण विहिरी पाडाव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी एक जांभ्याच्या तळाशी, एक मुरमात आणि एक कातळाच्या भेगेत अशा वेगवेगळ्या खोलीच्या जाळ्या, म्हणजे पाणी आत येऊ देणारे पाइपाचे भाग, ठेवाव्यात, म्हणजे पाणी आडवे किती जाते आणि खाली किती उतरते, दोन्ही कळेल. सर्व काठांची उंची एकाच पक्क्या खुणेवरून आणावी. वाचन वर्षभर, निदान महिन्यातून एकदा व्हावे, आणि त्या दिवशी आसपासच्या कोणत्या बोअरवर मोटर चालू होती याची नोंद त्यासोबत असावी. थराची क्षमता उपसा चाचणीने काढावी, पुस्तकातून उचलू नये. नमुने वरून आणि तळाशी, दोन्हीकडून घ्यावेत. गाडलेल्या टाक्या तशाच ठेवून त्यावर काँक्रीट ओतले जाऊ नये. त्या बाहेर काढून खालची माती तपासावी. वापरात नसलेले बोअर सिमेंटने बंद करावेत. आणि या सगळ्याचे उत्तर हाती येईपर्यंत तळघराच्या उपशाला परवानगी देऊ नये, आणि तोवर खालच्या गल्लीतील घरांना पिण्याचे पाणी दुसऱ्या सोयीने द्यावे.

या कामाला एक वर्ष लागेल आणि मालकांचे नुकसान होईल, असे सांगितले जाते. मालकांविषयी माझ्या मनात काही नाही. त्यांनी जागा घेतली तेव्हा टाक्या आधीच जमिनीत होत्या, हे मी जाणतो. पण चुकीच्या बाणावर बांधलेल्या तळघरात पुढे पेट्रोलची वाफ साठू लागली तर दुकाने विकत घेणाऱ्यांना आणि तिथे दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या मुलामुलींना त्याची किंमत मोजावी लागेल, म्हणून एक वर्ष थांबणे मालकांच्याही हिताचे आहे, असे मला मनापासून वाटते.

शेवटची विनंती कागदांची. प्रत्येक महिन्याचे वाचन आणि पातळीचा नकाशा गल्लीच्या तोंडाशी फलकावर कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत लावावा. आडावर पाणी भरणाऱ्या बहुतेक बायका मराठी वाचतात. मागच्या अहवालाचा सारांश त्यांना कोणी वाचून दाखवेपर्यंत दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत गल्लीतील इतर घरांत त्याच पाण्याने भांडी घासली जात होती.

आमच्या तीन विहिरींची मोजणीवही पंचमंडळाच्या कपाटात आहे. काठांच्या उंचीचे गणित, वाचनाच्या तारखा, त्या दिवशीचा पाऊस, सगळे त्यात लिहिले आहे. आपल्या अभियंत्यांनी ती तपासावी आणि चूक निघाली तर ती मी आनंदाने दुरुस्त करीन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही देवळाजवळच्या विहिरीपासून मोजायला सुरुवात करतो. आपल्यापैकी कोणी आले तर पातळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. टेप धरायला आम्हाला एक माणूस नेहमी कमी पडतो.

आपला विश्वासू,
गल्लीतील एक विहीरमालक व निवृत्त मोजणीदार
बेळगाव